इम्मा म्हणायचं कुणाला

"इम्मा तलिता, माझा गुडघा," असं ओरडत मनाहेम अंगणात धावत आला, तेव्हा शलोमितने तंदुरापाशी बसल्या बसल्या दोन्ही हात पसरले होते. पोर तिच्या हाताखालून निसटलं आणि थेट दासीच्या कुशीत जाऊन पडलं. शलोमितचे हात क्षणभर तसेच राहिले. मग तिने ते परातीत घातले आणि जवाचं पीठ असं तिंबलं, की त्या भाकरीला फुगायची हिंमत झाली नसावी.

"दासीला इम्मा म्हणत नाहीत," ती परातीकडे बघत म्हणाली.

"मी कुठे म्हणायला सांगते?" तलिता पोराच्या गुडघ्यावर फुंकर घालत म्हणाली.

"नको म्हणूनही सांगत नाहीस."

"सांगून बघितलं, बाई. पोरं ऐकतात होय?"

मी तिथेच होते. आमचं आणि त्यांचं अंगण एक, तंदूरही एक, त्यामुळे भाकरीइतकीच भांडणंही ताजी मिळायची. आमच्या सिप्पोरी गावात मान द्यायचा असला की पुरुषाच्या नावाआधी अब्बा, म्हणजे बाप, लावतात आणि बाईच्या नावाआधी इम्मा, म्हणजे आई. पोटचं मूल असलं पाहिजे असं काही नाही, वय आणि वागणं पाहतात. मला तर केस पांढरे व्हायच्या आधीच सगळे इम्मा दिना म्हणू लागले होते, आणि माझी सासू मरेपर्यंत त्यावर नाक मुरडत होती. पण दास-दासींना हा मान द्यायचा नाही, असं शहाण्यासुरत्यांचं सांगणं आहे. उद्या कुणी खरंच त्यांना आई-बाप समजलं, तर वंशात घोळ होतो म्हणे.

शलोमित म्हणजे आमचे शेजारी, धर्मपंडित रब्बी एल्याशिव यांची थोरली बहीण. तिला तिबिर्यात दिली होती. नवरा खारवलेल्या माशांचा व्यापारी, तो मूल न होताच गेला. मेलेल्या भावाचं नाव राहावं म्हणून दिराने तिला करून घ्यायची, अशी रीत. दीर पंचांसमोर नको म्हणाला. मग सुटकेच्या रीतीप्रमाणे तिने त्याच्या पायातला जोडा सोडला, त्याच्यापुढे थुंकली आणि एक पेटी घेऊन माहेरी आली. इथे येऊन बघते तर भावजय चौथ्या बाळंतपणात गेलेली, आणि मनाहेमसकट चारही पोरं तलिताच्या कमरेवर वाढलेली. तिला शिरायला जागाच उरली नव्हती. घरात ती आत्या झाली, आणि गावात 'रब्बींची बहीण'.

आणि तलिता कोण? सोरच्या बाजारातून आणलेली. विकणाऱ्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं, त्याने 'तलिता', म्हणजे 'ए पोरी', अशी हाक मारली आणि तेच नाव पडलं. पन्नाशीला टेकली तरी पोरगीच. जिला धड स्वतःचं नावही नाही, तिच्या त्या उसन्या नावाआधी इम्मा लागावं आणि आपल्या चांगल्या कुळातल्या नावाआधी काहीच नसावं, हे शलोमितला सहन होत नव्हतं. तिच्या पोटात दुखायचं. मला ते दिसायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाही वाटायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एका शब्बाथला, म्हणजे विसाव्याच्या वारी, दुपारी लोदचे एक विद्वान पाहुणे जेवायला आले. माझा नवरा पंगतीत होता, मी वाढायला. जेवणं संपत आली आणि शलोमित दाराशी येऊन उभी राहिली.

"एक विचारू का? दासीला इम्मा म्हणावं का?"

पाहुण्यांनी दाढीवर हात फिरवला. "नाही म्हणत. दासाला अब्बा नाही, दासीला इम्मा नाही. यात विचारायचं काय आहे?"

आत तलिता भांडी आवरत होती, भांड्यांचा आवाज थांबला. शलोमितचा चेहरा इतका उजळला, की लग्नातसुद्धा तो तसा उजळला नसेल.

मग रब्बी एल्याशिव म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण माझ्या घरात म्हणतात. माझी मुलं कुणाची आहेत हे अख्ख्या सिप्पोरीला ठाऊक आहे, घोळ होणार नाही." आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "इम्मा तलिता, पाहुण्यांना अजून ऑलिव्ह आण."

एवढ्या मोठ्या माणसाला ते शोभून गेलं, आणि पाहुण्यांनी ऑलिव्हकडे हात नेला. शलोमित रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तंदुरापाशी आली ती डोळे सुजवून. तलिता आधीच तिथे होती. ती मोठ्याने, चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इम्मा शलोमित, पीठ किती भिजवू?"

शलोमितने पाहिलं. "टोमणे मारतेस मला?"

"टोमणा कशाला? तुम्ही मोठ्या. मला म्हणतात, तर तुम्हाला नको का म्हणायला?"

"दासीनं म्हटलेलं कुठे धरतात? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

"नका धरू. पीठ किती?"

मला विचाराल, तर पहिल्या दिवशी त्यात टोमणा होताच. तलिता काही देवदूत नव्हती, तिला पंगतीतलं सगळं ऐकू गेलं होतं. पण दुसऱ्या दिवशीही ती तसंच म्हणाली, पुढच्या महिन्यातही, आणि पुढे कित्येक वर्षं. टोमणा एवढे दिवस कुणाला पेलत नाही. "इम्मा शलोमित, उन्हात बसू नका." "इम्मा शलोमित, तुमच्यासाठी मऊ भाकरी बाजूला ठेवलीय." शलोमित एकदाही ओ द्यायची नाही. पण ऐकून घ्यायची. घरातल्या पोरांनी मात्र तिला आत्याच म्हटलं. त्यांना कुणी दुसरं शिकवलं नाही, आणि मागून घ्यायची गोष्ट नव्हे ही. म्हणून तिचा राग तलितावरच राहिला. रब्बींची लेक सासरी जाताना तलिताच्या गळ्यात पडून रडली, तेव्हा शलोमित भिंतीकडे तोंड करून मसूर निवडत होती. निवडलेलीच मसूर परत परत निवडत होती.

पुढे रब्बी एल्याशिव वारले. घर मनाहेमच्या हाती आलं. तो बापासारखाच अभ्यासाला बसणारा, पण अजून त्याला रब्बी म्हणत नव्हते. मांडवांच्या सणानंतर गुरुजन त्याला ती पदवी देतील, असं सगळे म्हणत होते, आणि त्यामुळे तो जपून पावलं टाकत होता.

सणाच्या आधीच, पहिले ऑलिव्ह झोडपायच्या दिवसांत तलिताला ताप भरला. चार दिवसांत ती गेली. त्याच संध्याकाळी तिला पुरलं. सकाळी मनाहेमचे दोन सहाध्यायी दाराशी आले आणि बाहेरूनच म्हणाले, "देव तुझं नुकसान भरून काढो."

बैल मेला, गाढव मेलं, की असं म्हणतात. दास मेल्यावरही एवढंच म्हणायचं, जास्त नाही. दुखवट्याची रांग लावायची नाही, सांत्वन करायचं नाही, शोकात अंगरखा फाडायचा नाही. मनाहेमचे डोळे लाल होते. तरी त्याने मान खाली घातली आणि "आमेन" म्हणाला.

शलोमित आतून बाहेर आली. "बैल मेलाय का आमचा?"

"आत्या, हळू."

"मी विचारते, बैल मेलाय का?"

"आत्या, रीतच आहे ती. अब्बा असते तर वेगळं. त्यांना शोभलं असतं. मी अजून कुणी नाही." तो कुजबुजला. "लोक बोलतील."

"तू तिच्या अंगावर वाढलास."

"मला ठाऊक आहे."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग अंगरख्याचा गळा दोन्ही हातांनी धरला आणि टरकन फाडला. सुतकात करतात तशी खाट उलटी केली आणि जमिनीवर बसली. म्हातारी बाई ती, बसताना गुडघे वाजलेले मला ऐकू आले. आम्ही अंगणातल्या बाया धावत गेलो, आणि तिथे जाऊन थबकलो. सांत्वन करायचं ते नात्याच्या माणसाचं. हिचं काय?

"अगं, ती तुझी कोण होती?" मीच विचारलं.

"सवत," शलोमित म्हणाली. "आमच्यात एकीलाही नवरा नव्हता, पण सवतच. तिने माझी पोरं घेतली. जन्मभर मी तिच्यावर जळले. तुमच्यातल्या कुणाशी तरी माझं एवढं नातं आहे का?"

ते दोघे सहाध्यायी निघून गेले. मी घरी गेले, मसूर शिजवली, अंडी उकडली. सुतकात बसलेल्याने पहिलं जेवण दुसऱ्याच्या घरचं खायचं असतं. वाडगा मी तिच्यापुढे ठेवला आणि जमिनीवर तिच्याजवळ बसले. मग बाकीच्याही एकेक करून बसल्या.

मनाहेम दारात उभा होता. स्वतःच्या अंगरख्याचा गळा त्याने मुठीत धरला होता. तो फाडतही नव्हता आणि सोडतही नव्हता.

त्याची बायको शप्पीरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. मायाळू मुलगी. तिला वाटलं असणार, आता जागा रिकामी झाली, म्हातारीला एवढं तरी सुख द्यावं. ती वाकून म्हणाली, "इम्मा शलोमित, थोडं पाणी घ्या."

शलोमितचा हात वाडग्यावरच थांबला. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढी वर्षं ज्यासाठी ती झुरली, ते तिच्या पुढ्यात आलं होतं.

"आत्या म्हण," ती म्हणाली. "मला इम्मा म्हणणारी काल गेली."

शप्पीराने तांब्या खाली ठेवला आणि विचारलं,

"आत्या, मसुरीत मीठ कमी आहे का?"

"कमी आहे," शलोमित म्हणाली, आणि खात राहिली.