उलटं काम

"हळू वं मिनल, ओढू नको, तुटते तो!" दीक्षा म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज झाला आणि मिनलच्या चिमट्यात चुंबकाचा अर्धाच तुकडा आला.

मिनलने तो टेबलावर टाकला. "वैताग आला ताई. आधी आपणच चिकटवा, आता आपणच उपटा. दुनियेत असं उलटं काम कुठं असते का?"

"शेक दे आधी. गोंद नरम झाला का आपल्या आपण सुटते."

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये ई-रिक्षाच्या मोटरी बनत. मोटरीच्या पोटात जो लोखंडी रूळ फिरतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या अंगावर चपटे चुंबक चिकटवणं हे बायकांचं काम, आणि दीक्षा गजभिये त्यांतली सगळ्यांत जुनी. लेक पहिलीत होती तेव्हा ती इथे लागली. आता लेक नर्सिंगला होती. चुंबक लोखंडाजवळ नेला की हातातून उडी घेतो, बोट मधे आलं तर नख काळंनिळं करतो. त्याला उडी घेऊ न देता, पोराला पाळण्यात निजवावं तसं जागेवर बसवायचं. दीक्षाचा त्यात हात बसलेला होता.

त्या उन्हाळ्यात चुंबक यायचेच बंद झाले. अमेरिकेने चीनच्या मालावर जबर कर लावला, आणि चीनने उलट चुंबकांची निर्यात अडवून धरली. परवाना मिळवायचा तर हा माल तोफा-बंदुकांत घालणार नाही, असं लिहून द्यावं लागे. मालक सुशीलभाऊंनी ते बायकांना वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्या खो खो हसल्या. "रिक्षात बसून कोण लढाईले जाते भाऊ?" असं कोणीतरी विचारलंही. कागद दिल्लीला गेले, तिथून पुढे गेले, आणि मग त्यांची काही खबर आली नाही. हसणंही हळूहळू थांबलं.

रायपूरच्या एका कंपनीची नव्या मोटरींची ऑर्डर तेवढी हातात होती. ती गेली असती तर शेडला कुलूपच. म्हणून सुशीलभाऊंनी तोड काढली. गॅरंटीत परत आलेल्या जुन्या मोटरी खोलायच्या, त्यांतले चुंबक काढायचे आणि नव्यात बसवायचे. दीक्षा आपल्याच हाताने बसवलेले चुंबक एकेक करून सोडवू लागली.

दुपारी सुशीलभाऊ तिच्या टेबलाशी आले. "दीक्षाताई, गेटवर तो इतवारीवाला म्हातारा आला आहे. तुम्हीच सांगा त्याले, नवी मोटर इतक्यात भेटत नाही म्हणून. माह्याच्यानं होत नाही."

गेटजवळच्या कडुनिंबाखाली मारोतराव उभे होते. साठी उलटलेली, गळ्यात दुपट्टा. इतवारीतून गांधीबागेत कापडाचे गठ्ठे पोचवणारी त्यांची रिक्षा महिन्यापासून बंद होती. मोटर जळाली, ती त्यांनी इथे जमा केली, आणि बदल्यात नवी मिळायची वाट पाहत होते.

"मग सध्या काय करून राहिले काका?" दीक्षाने विचारलं.

"हातठेला ओढून राहिलो. चढावावर दम लागते." ते तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते. "बाई, नवी नसन तर नसू द्या. माही जुनी वापस द्या. आतल्या तारेचं वाइंडिंगच जळालं ना? ते मी भरून घेतो कोणाकडून. आत आहे ना ती?"

"आहे," दीक्षा म्हणाली.

ती आत आली. त्या मोटरीला मारोतरावांच्या नावाची चिठ्ठी बांधलेली होती. खोलायच्या रांगेत ती पुढचीच होती.

"भाऊ, काका आपली जुनीच मागून राहिले."

"मागतीनच. पण ती आता आपल्या कंपनीची झाली. चुंबक आले का नवी देऊ ना त्याले."

"कधी येतीन चुंबक?"

सुशीलभाऊंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मले माहीत असतं तर झोप नसती लागली का, ताई? आज एक वापस केली तर उद्या दहा जण येतीन गेटवर."

"येऊ द्या. त्याइच्याच आहेत मोटरी."

"आणि रायपूरची ऑर्डर?"

दीक्षाने रांगेतली ती मोटर आपल्याकडे ओढली. मग म्हणाली, "भाऊ, मी देऊन राहिली. तुम्हाले सांगून देते, चोरून नाही." सुशीलभाऊंनी चष्मा परत चढवला आणि ते आपल्या टेबलाकडे वळले. मोटर जड होती. दीक्षाने ती कमरेवर घेतली आणि गेटपर्यंत नेऊन मारोतरावांच्या हातात ठेवली. त्यांनी दुपट्टा सोडला, त्यात ती नीट बांधली, आणि "येतो बाई" म्हणून रस्त्याला लागले.

दीक्षा परत आली तेव्हा मिनल तिच्याकडे बघेना. खाली मान घालूनच म्हणाली, "त्याची रिक्षा चालन ताई. आपलं काय?"

"नाही माहीत, बाई," दीक्षा म्हणाली आणि तिने गोंदाला शेक द्यायची हीटगन उचलली.

पुढच्या आठवड्यात खरोखरच माणसं आली. सुशीलभाऊंनी चिडचिड केली, पण ज्याची त्याची मोटर देऊन टाकली. ऑर्डरीतला निम्मा माल रायपूरला पोचला, उरलेली ऑर्डर रद्द झाली. दीक्षाशी ते बरेच दिवस कामापुरतंच बोलले. काढून मात्र टाकलं नाही.

दसऱ्यानंतर शेडमध्ये लाकडी पेट्या आल्या. मधल्या काळात व्यापाऱ्यांना एक वाट सापडली होती. सुटे चुंबक अडत, पण चुंबक बसवलेला तयार रोटर मोटरीचा भाग म्हणून सुटत होता. पेट्यांत तसेच तयार रोटर होते, चीनमधूनच आलेले. आता इथे फक्त नटबोल्ट आवळायचे. त्याला चार माणसं पुरणार होती.

सुशीलभाऊंनी सगळ्या बायकांना गोळा केलं. "दिवाळीपर्यंत या सगळ्या," एवढंच म्हणाले. मिनल पदराने तोंड पुसत बाहेर गेली.

दीक्षा पेटीजवळ बसली. भुसा बाजूला करून तिने एक रोटर बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि सवयीने बोटं फिरवून पाहू लागली. चुंबक एका रेषेत होते. फटी सारख्या होत्या. गोंद कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. चांगलं काम होतं. तिने तो खिडकीच्या उजेडात फिरवला. एका चुंबकाच्या कडेला, वाळून काचेसारख्या झालेल्या गोंदात, एक ठसा उमटलेला होता. लहानसं बोट, बहुतेक बाईचंच. चुंबक उडी घेऊ नये म्हणून त्या बाईने तो दाबून धरला असणार.

दीक्षाने त्या ठशावर आपलं बोट ठेवून पाहिलं. मग पदराच्या टोकाने रोटरवरचा भुसा पुसला, तो अलगद टेबलावर ठेवला आणि पेटीतला दुसरा काढायला वाकली.