पुंजारामचा हात आणि दवाखान्याचा कापूस

जाफराबादच्या आसपास जेवढ्या गावांत कापूस पिकतो, तेवढ्या गावांत पुंजारामच्या उजव्या हाताला मान होता. जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, गाडी आली की तो डोळे मिटायचा, ढिगात हात घालायचा आणि धाग्याची लांबी, ओल, पाला सगळं सांगून टाकायचा. एकदा तर नुसत्या बोटांनी सांगितलं, की हा कापूस वेचताना घरधनीण नवऱ्यावर रागावलेली होती. गाडीवाला मान खाली घालून गेला. ह्याहून मोठा पुरावा कोणत्या कोर्टाला लागतो?

यंदा त्या हाताला नवी विद्या आली. मागल्या हंगामाच्या शेवटी मनगटाच्या जरा वर, मागच्या बाजूला रुपयाएवढा फिकट चट्टा उठला होता. पुंजारामनं स्वतःच निदान केलं, शिबं! मेडिकलमधून मलम आणलं, चार दिवस चोळलं आणि विसरला. मग एकदा टपरीवर उकळत्या चहाचा ग्लास चट्ट्याला टेकला, तर त्याला काहीच वाटलं नाही. दुसरा कुणी घाबरला असता. पुंजाराम खूश झाला.

"चाळीस वर्षं कापूस हाताळला, कातडं पकलं," तो म्हणाला. "ह्याला आता आग लागत न्हाई."

"ठेवून दाखव बरं ग्लास," कारभारी नावाचा जिनिंगचा मालक म्हणाला.

पुंजारामनं हात आडवा धरला, वर वाफाळता ग्लास ठेवला आणि पन्नासपर्यंत आकडे मोजले. टाळ्या पडल्या. त्या ऐकून रस्त्यानं चाललेली गावची आशा कार्यकर्ती अक्षता आत आली आणि तिनं ग्लास उचलला. खाली टम्म फोड आला होता.

"आबा, हे पकलेलं कातडं न्हाई. घरी चला."

घरी ओसरीवर द्वारकाबाई, पुंजारामची बायको, तूर निवडत होती. अक्षतानं पिशवीतून कापसाचा बोळा काढला.

"कातडी म्हंजी एकच पापुद्रा नसतो, आबा. वर बाह्यत्वचा, खाली अंतस्त्वचा. घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, स्पर्श कळवणाऱ्या नसा, हे सगळं खालच्या थरात."

"म्हंजी कापसाची गठाण. वर बारदान, आत माल."

"बराबर. शिबं न् गजकर्ण बारदानावर उठतंय. कोडात रंग जातो, पण स्पर्श राहतो. तुमच्या चट्ट्यात मालच मुका झालाय का, ते बघू. डोळे मिटा. कापूस लागला की बोट ठेवा."

पुंजारामनं डोळे मिटले, पण मनात पहिल्यांदाच हिशेब सुरू झाला. हंगाम आठ दिवसांवर होता. हात गेला तर ढिगाजवळची गादी गेली, आणि मागं उरणार तो नुसता एक म्हातारा.

अक्षतानं चट्ट्यावर कापूस फिरवला. पुंजारामनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. दुसऱ्यांदा नेमकं. तिसऱ्यांदाही नेमकं.

"बांगड्या काढ गं," द्वारकाबाई म्हणाली. "म्हातारा कानानं बघून राह्यला."

अक्षतानं बांगड्या काढल्या. आता कापूस दोनदा फिरला, तरी पुंजारामचं बोट जागचं हललं नाही.

"हा दवाखान्याचा कापूस हाय," तो शेवटी म्हणाला. "धुऊन धुऊन मेलेला. सरकीचा वास न्हाई, जीव न्हाई. मला कसा कळंल?"

अक्षता वाद घालत बसली नाही. तिनं कोपऱ्यातल्या पोत्यातून मागल्या हंगामाचा कापूस काढला आणि तोच चट्ट्यावर फिरवला.

"न्हाई कळला," पुंजाराम म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून उभ्या जन्मात निघाले नव्हते. द्वारकाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

मग अक्षतानं तोच कापूस त्याच्या बोटांच्या टोकांना लावला. म्हातारा ताठ झाला.

"फरदडीचा, हंगाम सरल्यावर राखलेल्या झाडांचा! खालच्या वावरातला, धुऱ्याच्या बांधाकडचा. दव असताना येचलेला. अन् येचणारी रागात होती."

"अजून हाये. मीच येचला तो," द्वारकाबाई म्हणाली. "तवापासून सांगून राह्यले, चट्टा दाखवा म्हणून!"

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नसा चाचपल्या, बोटांची ताकद पाहिली आणि सरळ सांगितलं: कुष्ठरोग, अगदी सुरुवातीचा. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. चट्ट्यातला स्पर्श परत येईलच असं नाही, पण बोटं शाबूत आहेत.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पुंजाराम गोळ्यांचं पाकीट खिशातून बाहेर डोकावेल असं ठेवून जिनिंगवर गेला. कारभारीनं आपली खुर्ची हळूच चार हात लांब सरकवली.

"गोळी सुरू झाली की दुसऱ्याला लागत न्हाई," सोबत आलेली अक्षता म्हणाली. "पण आजवर रोज शेजारी बसणाऱ्यांची तपासणी करायची हाय."

"मंग मालकापासून सुरू करू," पुंजाराम म्हणाला. "मी लावतो, ताई, तुम्ही बघा. मिटा डोळे, मालक. कापूस लागला की बोलायचं."

चार गाडीवाले जमले. कारभारीनं घाबरून डोळे गच्च मिटले, दोन्ही हात पुढं केले आणि लगेच ओरडला, "लागला! लागला! बिलकुल लागला!"

पुंजाराम अजून ढिगापाशीच वाकला होता. चांगल्या लांब धाग्याचा कापूस निवडत तो म्हणाला, "थांबा की मालक. अजून उचललाच न्हाई."