कूलरची दोरी

पानासाहेबांनी भंगारवाल्याकडून एक पत्र्याचं नळकांडं आणलं आणि तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. चौथ्या दिवशी बायकोने ते कचऱ्यात टाकायला उचललं, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"अगं, अगं! कूलर आहे तो. गाडीचा."

त्यांचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली होती. हातात सदा पाना, म्हणून ते पानासाहेब. आणि त्यांच्याशी लग्न केलं, एवढ्याच गुन्ह्यासाठी त्या पानाकाकू. साहेबांची गाडी त्यांच्या वडिलांच्या लग्नाआधीची होती आणि घरात तिचा मान सगळ्यांच्या वरचा होता.

काकूंनी नळकांडं उलटसुलट करून पाहिलं. ते गाडीच्या खिडकीला बाहेरून लटकवायचं, पोटात पाच लिटर पाणी भरायचं. आत घरच्या कूलरला असतं तसं गवत, रुळावर गुंडाळलेलं. दोरी ओढली की रूळ पाण्यातून फिरून भिजतो, आणि गाडी पळाली की समोरून घुसलेला वारा त्या ओल्या गवतातून गार होऊन आत येतो.

"म्हणजे गाडी थांबली की हाही थांबणार," काकू म्हणाल्या.

साहेबांना असली बारीक नजर आवडत नसे. पण गरज खरी होती. जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीत भर उन्हात नव्वद किलोमीटर जायचं असतं, आणि गाडीच्या काळातलं नसलेलं काहीही लावलं की गाडी बाद. गेल्या वर्षी तिसाव्या किलोमीटरला साहेबांना भोवळ आली, आणि गाडी दुसऱ्याच्या ट्रकमागे दोरखंडाने बांधून घरी आली होती.

काकूंच्या मनात मात्र भलतंच सुरू झालं. कूलर लागणार ड्रायव्हरशेजारच्या खिडकीला. दोरी ओढायला तिथे माणूस लागणार. आणि लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी काकू त्या सीटवर एकदाही बसल्या नव्हत्या. एकवीस वर्षं तिथे सासूबाई होत्या. त्या गेल्या, आणि पुढच्याच रविवारी साहेबांनी तिथे हत्यारांची पेटी ठेवली. "तात्पुरती," असं म्हणाले होते. काकू मूग गिळून मागे बसत राहिल्या. पण त्यांना ती सीट हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. रस्ता समोरून येताना दिसावा, नवरा बोलला तर त्याचं तोंड दिसावं, एवढंच. अकरा वर्षं त्यांना मागून एक मान आणि एक पेटी दिसत होती.

फेरीच्या सकाळी काकू साहेबांच्याही आधी तयार झाल्या. गाडीपाशी येऊन बघतात तर पेटी जागच्या जागी. लांब झाली होती ती दोरी. साहेबांनी दोन छोट्या कप्प्या बसवून ती छताखालून थेट मागच्या सीटपर्यंत आणली होती.

"बघ," साहेब म्हणाले, "तुला हलायलासुद्धा नको."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मागे जाऊन बसल्या.

पहिले चाळीस किलोमीटर त्यांनी इमानेइतबारे दोरी ओढली. वारा खरंच गार होता. तो सरळ पेटीवर जात होता. उरलासुरला साहेबांच्या एका कानाला लागत होता आणि मागे काकू घामाने निथळत होत्या. एक्केचाळिसाव्या किलोमीटरला त्यांनी दोरी सोडून दिली.

"ओढतेस ना गं?" थोड्या वेळाने साहेबांनी विचारलं.

"पेटीला सांगा."

आरशात साहेबांचा चेहरा लालबुंद दिसत होता. काकूंना गेल्या वर्षीची भोवळ आठवली.

"गाडी थांबवा."

"थांबलो तर वारा बंद होईल."

"थांबवा म्हणते ना!"

गाडी थांबली. काकू उतरल्या, पेटी दोन्ही हातांनी ओढून काढली, मागच्या सीटवर आदळली आणि पुढे येऊन बसल्या. दार त्यांनी जरा जोरातच लावलं.

"आई गेल्यावर ती सीट रिकामी बघवेना," साहेब स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "म्हणून पेटी ठेवली."

"रिकामी कशाने राहिली असती? मी होते की."

साहेबांनी गाडी सुरू केली. गाडीने वेग घेतला, काकूंनी कप्प्यांतून दोरी सोडवून आपल्याकडे घेतली आणि खेचली. गार पाण्याचा सपकारा त्यांच्या तोंडावर आला. केसांपासून बाहीपर्यंत त्या ओल्याचिंब झाल्या.

"तेच!" साहेब घाईघाईने म्हणाले. "परवा मी ओढून बघितली तर असाच भिजलो. म्हणून दोरी मागे नेली. म्हटलं, तू कशाला भिजशील."

काकूंनी तोंड पुसलं. आपल्या भिजण्याचा विचार या माणसाने केला होता, हे ऐकून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्यांना राग आला.

"एकदा विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्यावर चांगला पाच किलोमीटर विचार केला. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "भिजलेलं चालेल का तुला?"

"चालेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दोरी ओढली.