हडळ होण्याआधी

कोकणातल्या प्रत्येक गावात एक विहीर असते आणि विहिरीत एक हडळ. ही गोष्ट सासूबाई मला लग्नापासून ऐकवतायत. ती बाई हडळ कशी झाली, ही आधीची कथा आता सिरीजमध्ये आली, म्हणून जोगेश्वरीच्या आमच्या घरात आम्ही संध्याकाळीच पडदे ओढून बसलो. सासूबाईंनी स्वतःला, माझ्या नवऱ्याला आणि टीव्हीलाही अंगारा लावला. मला विसरल्या.

तीन भाग सिरीजमधल्या त्या घरच्या सुनेचंच चाललं होतं. तिची भाजी खारट होते, ती माहेरी गेलेली कुणाला चालत नाही, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं ती पातेल्यातूनच खाते.

"ह्यात भूत खंय असा गो?" सासूबाई वैतागल्या. "ह्या तर घरातलाच दाखवतत."

"स्लो आहे यार," माझा नवरा नितेश म्हणाला.

चौथ्या भागात तिने विहिरीत उडी घेतली आणि उलट्या पायांनी वर आली. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. घाबरलेले घरचे मग दर अमावास्येला कोंबडी-वड्यांचं भरलेलं पान विहिरीवर ठेवू लागले. तिचं जेवण झाल्याशिवाय घरात कुणी घास घेईना.

टीव्ही बंद झाला.

"वाढ गं, भूक लागली," नितेश म्हणाला.

"आधी केस बांध, मगे वाढ," सासूबाई म्हणाल्या.

केस मी मोकळेच ठेवले. एकच ताट वाढून घेतलं, सोफ्यावर त्या दोघांच्या मधोमध बसले आणि जेवायला लागले. भाजीत मीठ कसं झालंय, हा विषय आज कुणी काढला नाही.