नाव नसलेलं बोंड

मला लिहिता येतं, पण वाचता येत नाही. हसू नका. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा हलका झटका आला. हातपाय वाचले, आणि जीभ तर जराही मंदावली नाही असं आमचे मास्तर म्हणतात. गेली ती फक्त अक्षरं. आजही मी 'उषा' असं झोकात लिहिते, आणि लगेच ते काय लिहिलंय हे मलाच कळत नाही.

मास्तर म्हणजे माझा नवरा, मोरेश्वर. पांढुर्ण्याच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवून निवृत्त झाले, आणि आता सौंसरच्या घरात त्यांच्या पहिलीत मी एकटी. रोज चहा झाला की पाटी निघते. "हे कोनतं अक्षर होय?" मी अंदाजाने काहीतरी ठोकून देते. चुकून बरोबर आलं की म्हातारा असा खुलतो, की मला जे बोलायचं असतं ते पुन्हा राहून जातं.

बोलायचं हे, की अक्षरं आता परत येणार नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, तेव्हा हे खाली गोळ्या आणायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू म्हटलं, तर यांनी पाटी पुसून तयार ठेवलेली. तेव्हापासून पोटात ठेवलंय. निदान आमच्या मुलीला, प्राजक्ताला सांगावं, तर ती इंदूरला. मोबाइलवरचं मला फार बारीक पडतं, म्हणून तिच्याशी बोलणं कॉम्प्युटरवर. तिथे सगळी चित्रं सारखी आणि त्यांच्याखाली मुंग्यांसारखी अक्षरं. कॉल लावून द्यायला हेच, आणि लागला की खुर्ची ओढून शेजारी बसायलाही हेच. नवऱ्यासमोर नवऱ्याबद्दल काय बोलणार, कप्पाळ?

म्हणून एक दिवस मी म्हटलं, "अहो, पडद्यावर मले ओळखू येतीन असे चित्रं लावून द्या ना. मी माह्या हातानं कॉल लावीन."

"अक्षरं आले की लावशीनच."

"तवरक तरी लावा."

मास्तरांना उद्योग मिळाला. व्हिडिओ बघून बघून फोटोंचं सॉफ्टवेअर शिकायला लागले. पहिलं चित्र संत्र्याचं, भजनं लावायला. पण भोवती पांढरा चौकोन आला. मला आता आकारावरूनच ओळख पटते. चौकोन आला की सगळं पुन्हा सारखंच. मग मागचा भाग पुसणं सुरू झालं. पुसला, तर त्या जागी राखाडी-पांढऱ्या चौकटी उगवल्या. "ह्या फरश्या कुठून आल्या बाप्पा?" म्हणत हे फरश्याही पुसायला बसले. शेवटी प्राजक्ताने फोनवर सांगितलं, "बाबा, फरश्या म्हणजे तिथं काहीच नाही. त्या पुसू नका." मास्तर म्हणाले, "काहीच नाही, हे दाखवाले बी काहीतरी लागते." मला ते पटलं.

प्राजक्तासाठी मी कापसाचं बोंड मागितलं. तिचा फोटो लावून पाहिला होता, पण एवढ्याशा चित्रात सगळेच चेहरे एकसारखे. आणि ही पोरगी झाली कापूस वेचणीच्या दिवसांत, घरातल्या कापसाच्या ढिगावरच झोपायची. बोरगावच्या शेतातून रामाजी भाऊजींनी फुटलेली बोंडं पाठवली. मास्तरांनी स्वच्छ पांढरं धोतर अंथरलं, त्यावर बोंड मांडलं, फोटो काढला आणि मागचं पांढरं पुसायला सांगितलं. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. त्याने धोतराबरोबर कापूसही पुसला. खालचं वाळकं टरफल तेवढं उरलं.

"कास्तकाराचे पोर तुम्ही, शेतात वाढले," मी म्हटलं, "अन् पांढरं पांढऱ्यावर ठेवता?"

"मंग कायच्यावर ठेवू?"

"पाटीवर ठेवा."

पाटीवर त्या दिवसाचा धडा लिहिलेला होता. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि बोंड ठेवलं. काळ्यावर त्याची कड न् कड मोकळी झाली. शाळा बुडाली म्हणून मी मनातल्या मनात खूश.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. संत्रं होतं, शेजारी बोंड होतं, भोवती चौकोन नाही की काही नाही. पण चित्रांखालची जागाही कोरी होती. अक्षरं वाचता येत नसली तरी ती नाहीत हे कळतंच.

"खालचे नावं कुठं गेले?"

"काढून टाकले. कॉम्प्युटर नाव रिकामं ठेवू देत नव्हता, युक्ती करा लागली."

"अन् मी वाचाले लागल्यावर?"

हे माझ्याकडे न बघता माउसची वायर सरळ करत राहिले. "इतके वर्षं पोरं शिकवले, उषा. कोनतं पोरगं शिकून राहिलं अन् कोनतं फक्त माह्यासाठी बसून राहिलं, कळते मले."

कधीपासून कळत होतं, हे विचारायचंच राहून गेलं.

"बोल पोरीसंग," ते म्हणाले. "मी बाहेर बसतो." आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी बोंडावर बाण नेला. दोनदा तो भलतीकडेच गेला. मग घंटी वाजली आणि प्राजक्ताचं तोंड समोर आलं.

"आई? बाबा कुठं आहेत?"

"बाहेर."

"मंग लावून कोनं देल्ला?"

"मी लावला."

ती इतकी हसली की तिचे डोळे भरले. "बोल ना आई. काय म्हनतं?"

ज्याच्यापासून लपवण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तो सगळं जाणून रोज सकाळी माझ्यासमोर पाटी घेऊन बसत होता. मी त्याच्यासाठी बसत होते आणि तो माझ्यासाठी. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"थांब बाई," मी म्हटलं, आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, खुर्ची घेऊन आत या. पोरीले दोघं मिळून सांगू."