दुपारची तहान

दिवस कलला की सगळी वस्ती झऱ्यापाशी जमायची. हंडे, डबे, बादल्या ओळीनं मांडलेल्या, आणि माणसं मात्र कुजबुजत उभी. डोंगराच्या पोटातून आलेल्या दगडी नळीचं तोंड दुपारपासून कोरडं ठाक पडलेलं असायचं. नळीच्या वर घळ होती आणि घळीत परक्या मुलखातल्या काटेरी झाडांची दाट जाळी. एका पिढीपूर्वी कुणीतरी जळणासाठी लावली, मग ती आपली आपणच पसरली. आत उजेड नाही, पाखरू नाही, खाली गवताची काडी नाही.

त्या जाळीकडे तोंड करून ओलेबाबा बसायचे. त्यांचे कपडे कायम भिजलेले असत, म्हणून ते नाव.

"ओले कसे काय हो?" मी पहिल्याच दिवशी दुकानदाराला विचारलं.

"मॅडम, ती येऊन बिलगते ना त्यांना!" तो म्हणाला आणि स्वतःच शहारला.

ती म्हणजे शिवणकाम करणाऱ्या काकूंची मुलगी. मी काकूंच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. आदल्या उन्हाळ्यात, भर दुपारी नळी आटलेली म्हणून ती घळीतून वरच्या डोहाकडे चढली आणि घसरून पडून गेली. पाण्याला काकूंनीच धाडलं होतं.

"बाळे," बाबा डोळे मिटून साद घालायचे, "तहानेली गेलीस! दुपारभर प्यालीस. आता पुरे कर. या बाबाच्या शब्दाला मान दे. सोड पाणी, सोड!"

सगळे श्वास रोखायचे. मग नळीच्या आतून आवाज यायचा.

गुटूक.

कुणीतरी घोट गिळावा तसा. पुन्हा एकदा. आणि मग पाण्याची बारीक धार.

मी शास्त्राची विद्यार्थिनी. पण तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

बाबांनी काकूंना एक व्रत दिलं होतं. लेक पीत असेल तोवर आईनं पाणी प्यायचं नाही. म्हणजे उन्हं वर आल्यापासून संध्याकाळच्या त्या घोटापर्यंत तोंडात थेंब नाही. काकू शिलाईयंत्रावर बसायच्या, ओठ भेगाळलेले. दोनदा चक्कर येऊन कापडावरच पडल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मूत्रपिंडं असा दुसरा उन्हाळा काढणार नाहीत. तुम्ही त्यांच्या घरात राहता, बघा काही जमतं का."

"काकू, घोटभर तरी घ्या."

"तिच्या वाटचा घोट मी कसा पिऊ गं?"

"ती नाही पीत, काकू."

"तू ऐकलं नाहीस? गिळते ती." त्या यंत्राचं चाक फिरवत राहिल्या. "जिवंतपणी कधी मागितलं नाही तिनं काही. आता मागतेय."

माझं काम होतं ही परकी झाडं झऱ्याचं किती पाणी पितात ते मोजणं. डोंगर आपल्याला न मागता पाणी देतो, माती धरून ठेवतो, गुरांना चारा पुरवतो. आमच्या शास्त्रात याला परिसंस्थेच्या सेवा म्हणतात. वस्तीच्या सभेत मी हा शब्द वापरला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "सेवा तर बाबा करतात." हशा पिकला. तरी मी नेटानं आलेख दाखवला. ऊन चढलं की झऱ्याचं पाणी उतरतं, ऊन उतरलं की पाणी चढतं.

"या झाडांची मुळं थेट झऱ्याच्या ओलीत आहेत," मी म्हणाले. "दुपारी पानांतून पाणी वाफ होऊन जातं, तेवढं मुळं खालून ओढतात. झाडांना दुपारी तहान लागते."

बाबा प्रेमळपणे हसले. "मुली, बरोबर मोजलंस. फक्त पिणारी झाडं नव्हेत, झाडांतली ती आहे. तिथं कुऱ्हाड चालवाल तर घाव तिच्या अंगावर पडेल." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. सभा संपली.

खोलीत येऊन मी तो आलेख कितीतरी वेळ पाहत बसले. पंचाईत अशी होती की त्याच्यावर त्यांचीही गोष्ट बसत होती आणि माझीही. भिंतीपलीकडे काकूंचं यंत्र थांबत थांबत चालत होतं. माझी बसेल आणि त्यांची बसणार नाही, असं काहीतरी मला शोधायचं होतं.

ते मला आभाळात सापडलं. ढगाळ दिवशी झाडं कमी पितात, त्यामुळे नळी आटत नाही, आटलीच तर लवकर वाहू लागते. आणि ढगाळ दिवशी ओलेबाबा दुपारीच येऊन बसत! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, पण हा कावळा फांदी कधी मोडणार ते बघूनच बसत होता.

एका लख्ख उन्हाच्या सकाळी मी काकूंना घेऊन घळीत गेले. एका पानभरल्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली आणि तोंड घट्ट बांधलं. "गाठ तुम्ही मारा," म्हटलं. त्यांनी शिंप्याची गाठ मारली, दुसऱ्या कुणाला सुटणार नाही अशी.

दुपार उलटल्यावर मी सगळ्यांना बोलावलं. बाबाही आले, ओलेते. काकूंनी स्वतःची गाठ ओळखली, सोडवली. पिशवीच्या कोपऱ्यात पाणी साठलं होतं.

"एका फांदीचं हे," मी म्हणाले. "जाळीत फांद्या किती आहेत ते बघा. आणि तो घोटाचा आवाज हवेचा आहे. नळी रिकामी झाली की आत हवा शिरते. पाणी परतलं की ती हवा बाहेर ढकलली जाते. तोंड अरुंद असलेल्या बाटलीत पाणी भरा, तीही गिळते."

"शब्दांचे खेळ!" बाबा म्हणाले.

"मग एवढंच सांगा, परवा तुम्ही दुपारीच का आलात?"

"परवा ती शांत होती."

"परवा ढग होते. ढग असले की तुम्ही नेहमीच लवकर येता. आज ऊन आहे. आज करा ना तिला आत्ता शांत."

"उन्हाची तहान वेगळी, मुली. ढग आले की तिची तहान निवते."

काकू पिशवी हातात धरून उभ्या होत्या. त्या हळू आवाजात बोलल्या.

"बाबा, माझी पोर उष्ण प्रकृतीची होती. ढग असो, ऊन असो, रात्री उठून पाणी प्यायची. उशाशी तांब्या ठेवायचे मी." त्या थांबल्या. "ढग बघून तहान निवणारी ती माझी लेक नव्हे. दुसरं काहीतरी पितंय वर."

बाबांनी खाली नळीकडे पाहिलं. नळी कोरडीच होती.

"म्हणजे ती तहानलेली नाही?" काकूंनी मला विचारलं.

"नाही, काकू."

त्यांनी पिशवी तोंडाशी नेली. मी घाईघाईनं हात धरला. "हे नको, या पानांचा भरवसा नाही." माझी बाटली दिली. भर उन्हात, सगळ्यांसमोर, त्या बाटलीभर पाणी प्यायल्या. मग खाली बसून रडल्या. पहिल्यांदाच मोकळ्या आवाजात.

जाळी तोडायला वस्ती गेली तेव्हा वरच्या डोहाकाठी दोरीवर वाळत घातलेला बाबांचा दुसरा जोड सापडला, आणि शेजारी कपडे भिजवायची बादली. आमचे हंडे कोरडे असताना! दुकानदार ती बादली पायानं ढकलत म्हणाला, "बिलगत होती म्हणे." बाबा त्याआधीच निघून गेले होते. झाडं पुन्हा फुटू नयेत म्हणून आम्ही बुंधे मुळासकट काढले आणि उघड्या मातीवर इथलंच गवत पेरलं.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हा कोणत्या दिवशी घडत नाही? खऱ्या कारणाला या प्रश्नाची भीती नसते. आणि दुःखी माणसाला धीर द्यायचा असेल तर त्याला खरं सांगा. खोट्याची किंमत काकू आपल्या शरीरानं भरत होत्या.

आता दुपारीही बारीक धार असते. नळी रिकामी होत नाही, म्हणून तो आवाजही येत नाही. परवा काकू तिथं कान लावून उभ्या दिसल्या.

"हवा होती ती, कळलंय मला," त्या मागं न बघताच म्हणाल्या. "कानाला सवय झाली होती, एवढंच."

मग त्यांनी धारेखाली ओंजळ धरली आणि प्यायल्या.