दाराबाहेरचा चीन

मी जयसिंगआबांचा उजवा जोडा बोलतोय. चीनमधला एक म्हातारा माणूस माझ्यासमोर तीन वेळा कमरेत वाकला आणि पांढऱ्या शेवंतीचं फूल ठेवून गेला. शिरूर तालुक्यात एवढा मान दुसऱ्या कुठल्या पायताणाला मिळाला असेल तर नाव सांगा, मी तळ वर करून उलटा पडतो.

आता खरं सांगतो. नमस्कार माझ्या मागच्या पुतळ्याला होता. मी मध्ये आलो.

माझं सगळं असंच आहे. देवळं पाहिली म्हणावं, तर पायरीपर्यंत. आबांना काढून ठेवायची सवय, त्यामुळे उंबऱ्याच्या आत काय असतं ते मला आजवर ठाऊक नाही. शिक्षणाचंही तेच. आबा गावच्या शाळेच्या समितीवर होते. त्यांची मीटिंग आत, मी वर्गाच्या बाहेर. ऐकून ऐकून पाढे शिकलो. तेराचा पाढा निम्मा झाला आणि आबांची समिती बरखास्त झाली. माझं गणित तिथंच थांबलं.

माझा जन्म शिरूरचा, गिताबाईंच्या दुकानातला. आबांनी ऑर्डर देतानाच बजावलं होतं, "गिताबाई, जोड वाजला पायजे. मी येतोय हे गल्लीला आधी कळलं पायजे." गिताबाईंनी तळाच्या दोन थरांमध्ये बिया भरल्या. उजव्यात भरून झाल्या आणि चहा आला. चहानंतर डावा तसाच शिवला गेला. त्यामुळे आबा चालले की कर्र, मग गप्प, मग कर्र, मग गप्प. कवठे येमाईत लोक विचारायचे, "आबा, डाव्याला काय झालं?"

"त्यो आपल्या गटात न्हाई," आबा सांगायचे.

डावा आजही गप्पच आहे. त्याच्या वाट्याचं मी बोलतो.

मी कधी वाजायचं हे मीच ठरवायचो. सोसायटीच्या सभेत चेअरमननी 'मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो' म्हटलं, की आबांचा पाय हलायचा आणि मी कर्र. एकदा शोकसभेत दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे होते, तेव्हा मला राहवलं नाही. गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ सगळ्यांत आधी हसला.

आता चीनकडं येतो.

तेजश्री ही आबांची नात, त्यांच्या विक्रमची थोरली. इंजिनियर झाली, सणसवाडीत खोली घेऊन राहिली, कंपनीत लागली. कंपनीतली मशीन चीनची, म्हणून तिला सहा महिने तिकडं शिकायला पाठवलं. सहा महिने संपत आले तशी तिथली माणसं म्हणाली, अजून दोन वर्षं राहा. इकडं विक्रमनं दौंड तालुक्यातल्या राहूचं स्थळ पक्कं करत आणलेलं. घरची गुऱ्हाळं, मुलगा बँकेत, अक्षय्य तृतीयेला साखरपुडा. तेजश्रीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "आवाज तुटतोय बाबा." तीन दिवस तिचा आवाज बरोब्बर त्याच प्रश्नाला तुटला.

मग विक्रम आबांना म्हणाला, "आबा, तुमचं ऐकती ती. आईला घिऊन जा, चार देवळं बघा, आन् येताना तिला घिऊनच या."

आबांनी मिशीवर हात फिरवला. "आणली म्हून समज."

मुंबईच्या विमानतळावर मला पायातून काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी माणसांच्या पोटाएवढ्या उंचीवर बसलो. सोजराबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, म्हणाल्या, "बया, ताटात वाढल्यागत दिसतंय."

शहराचं नाव शिजियाझ्वांग. आबांना ते एका दमात येईना. सोजराबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं 'शिजवायचं गाव' करून टाकलं आणि प्रश्न मिटवला.

तेजश्रीनं चार दिवसांचा कार्यक्रम आखलेला. सकाळी निघायचं, संध्याकाळी दमून यायचं. पोरगी हुशार. दमलेल्या माणसाला साखरपुड्याचं काढायला सवड मिळत नाही. आबा रस्त्यात सुरुवात करायचे, "तेजू, मी काय म्हंतो..." आणि मी मोठ्यानं कर्र. पुढचं पोरीला ऐकूच जायचं नाही. आवाज तुटायची सवय त्या घरात तिला एकटीलाच नाही.

पहिल्या दिवशी जवळच्या झेंगडिंग गावातलं जुनं मोठं देऊळ. दाराला गुडघ्याएवढा उंबरा. आबांनी आम्हा दोघांना उंबऱ्याशी काढलं.

"आबा, इथं कुणी काढत नाही. सगळे बूट घालूनच जातात," तेजश्री म्हणाली.

"त्येंना चालत आसंल. देवाला इचारलंय का?"

आणि गेले अनवाणी. आतलं मला नंतर कळलं. करुणेची देवी, सत्तर फूट उंच, बेचाळीस हात. सोजराबाई खालून वर बघत म्हणाल्या म्हणे, "बेचाळीस हात? मोठ्या खटल्याच्या घरात दिलेली दिसतीया." तेजश्री हसली नाही म्हणे.

इकडं बाहेर एक झाडणाऱ्या बाई आल्या. गावाकडं देवळाबाहेर दोनशे चपला असतात, इथं आम्ही एकटेच. त्यांना वाटलं कुणी विसरून गेलं. त्यांनी आम्हाला उचलून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत नेलं आणि थर्मास, छत्र्या आणि लहान मुलाच्या एकुलत्या बुटाशेजारी मांडलं.

आबा बाहेर आले ते ओरडतच. "चोरल्या! हितंबी चोरत्यात!" त्यांच्या आवाजात निम्मा आनंद होता. परक्या मुलखात काहीतरी ओळखीचं सापडलं होतं.

"देवळातनं पायताण गेलं म्हंजी साडेसाती गेली," सोजराबाई म्हणाल्या. "आता गप चला तसंच."

पण तेजश्री आम्हाला शोधत त्या खोलीत आली, मागोमाग आबा आणि सोजराबाई. ही पोरगी घरी बापासमोर तीनच शब्द बोलते: हो, नाही आणि बघते. तिथं काउंटरवर कोपर टेकून ती त्या लोकांच्या भाषेत असं काही बोलू लागली की आत दोन माणसं होती ती सहा झाली. जोडा आमचाच हे पटवायला तिनं आबांसारखं चालून, तोंडानं आवाज काढून दाखवला. कर्र, गप्प. कर्र, गप्प. काउंटरवरच्या बाईंनी खात्री करायला मला दाबलं.

मी मुद्दाम वाजलो नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. तरी नाही. मग आबांनी मला पायात घालून एक पाऊल टाकलं आणि मी असा वाजलो की ती सगळी खोली हसायला लागली. तेजश्री सगळ्यात मोठ्यानं. आबा मात्र तिच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय बोलत व्हतीस गं एवढं?"

"पायताण मागत होते."

"एवढ्याला एवढं?"

"भाषाण केलं तिनं," सोजराबाई म्हणाल्या. "तुमच्या चेअरमनपेक्षा बरं व्हतं."

दुसऱ्या दिवशी चौदाशे वर्षांपूर्वीचा दगडी पूल. पुलावर जोडे काढत नाहीत, म्हणून चीनमधली ही एकच जागा मी मनसोक्त तुडवली. आबांनी कठडा थोपटून पाहिला. "चवदाशे वर्सं? टेंडर काढलंच नसणार."

तिसऱ्या दिवशी स्मारक. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस तुम्हाला माहीत असतील. लढाईत जखमी झालेल्यांवर उपचार करायला ते तिकडं गेले होते. त्यांची समाधी याच शहरात आहे, पांढऱ्या दगडाचा पुतळा आहे. त्या दिवसांत चिनी लोकांचा पितरांना आठवायचा सण होता. पुतळ्याच्या पायाशी फुलंच फुलं. आबांनी तिथंही आम्हाला काढलं आणि फुलांच्या शेजारी नीट जोडीनं ठेवलं. आणि त्यामुळेच घोटाळा झाला. माझी करकर थांबली आणि आबांना तोंड फुटलं.

"सोलापूरचा गडी. हितं किती वर्सं व्हता?"

"चार," तेजश्री म्हणाली. "अठ्ठाविसाव्या वर्षी आले, बत्तिसाव्या वर्षी गेले."

"घरी?"

"नाही आबा. इथंच वारले."

"म्हंजी परत आलाच न्हाई." आबांना हवं ते सापडलं. "बघ. मी ह्येच म्हंतोय."

"त्यांनी इथली भाषा शिकली. इथं घर केलं. ऐंशी वर्षं झाली तरी लोक फुलं आणतात."

"फुलं मेल्यावं येत्यात, तेजू."

सोजराबाई इतका वेळ पुतळ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्येच्या आईनं किती दीस वाट बघितली आसंल?"



मग तेजश्रीच बोलली. "मी परत येणार आहे, आबा. दोन वर्षांनी. शिकून येणार आहे. पण बाबांनी तारीख धरली म्हणून विमानात बसणार नाही."

"मी इक्रमला शबूद दिलाय. तुला घिऊनच येतो म्हून."

"मला विचारून दिला का?"

आबा मिशीकडं हात नेत होते, तो अर्ध्यावरच राहिला.

आणि नेमका तेव्हा तो म्हातारा आला. आबांच्याच वयाचा, हातात कापडी पिशवी आणि पांढरी शेवंती. त्यानं आम्हाला पाहिलं. पुतळ्याकडं पाहिलं. परत आम्हाला पाहिलं. तेजश्रीला काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, हे जोडे डॉक्टरांसाठी त्यांच्या गावाहून आणलेत का."

आबांचे डोळे चमकले. दुःखात असोत की पेचात, संधी दिसली की त्यांना धीर निघत नाही. "व्हय म्हन."

"खोटं सांगू?"

"आगं, आपल्याकडनं सोलापूर हायवेनं सरळ हाय."

पोरगीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं फूल आम्हा दोघांच्या मधोमध ठेवलं आणि तीन वेळा वाकला. डाव्याला घाम फुटला असावा. मी मात्र छाती काढून बसलो.

पुढं पंचाईत झाली. म्हातारा जाईना. शेजारच्या बाकावर बसला, डबा उघडला. आबा अनवाणी उभे. समोर पायताण, पण घालायचं कसं? देवाला दाखवलेला नैवेद्य उचलून खाल्ल्यासारखं दिसलं असतं.

"ह्यो उठतोय कवा?" आबा पुटपुटले.

"डॉक्टर उठतील तवा," सोजराबाई म्हणाल्या.

शेवटी तेजश्रीनंच जाऊन खरं सांगितलं. म्हाताऱ्यानं आधी आबांच्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग इतका हसला की डबा सांडायची वेळ आली. तो उठला, फूल पुतळ्यापाशी सरकवलं, आम्हा दोघांना हातानं उचललं आणि आणून आबांच्या पायापुढं ठेवलं.

आबा दोन पावलं मागं सरले. "आरं आरं, हात कशाला लावता!" त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

म्हाताऱ्यानं तेजश्रीकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"काय म्हंतोय त्यो?"

"म्हणतात, नात आमच्यासारखंच बोलते." ती फुलांकडं वळली. "आणि विचारतायत, तिला घरी न्यायला आलात का?"

आबांनी आधी मला पायात घातलं, मग डाव्याला. मी वाजायला तयार होतो, पण त्यांनी पाय हलवलाच नाही.

"सांग त्येला," ते म्हणाले, "न्यायला न्हाई. बघायला आलोय."

तेजश्रीनं ते सांगितलं की नाही देव जाणे. ती फुलांकडं तोंड करून उभी होती. सोजराबाईंनी पिशवी उचलली. "चला. आता इक्रमला काय सांगायचं त्येचा इचार करा."

विक्रमला जे सांगितलं ते त्याला आवडलं नाही. तो आबांशी महिनाभर बोलला नाही. राहूच्या मंडळींनी मेच्या आत दुसरीकडं जमवलं. हे सगळं मला फोनवरून कळतं, कारण तेजश्री दारात बूट घालता घालता आजीशी बोलते आणि मी तिथंच असतो.

होय, मी तिथंच आहे. शिजवायच्या गावात, अकराव्या मजल्यावर, तेजश्रीच्या दाराबाहेर. समोरच्या घरातल्या बाई जाता-येता मला सरळ करतात. पायात कुणी घालत नाही, म्हणून चामडं कडक होत चाललंय, बिया आत सुकून बसल्यात. परवा तेजश्रीचा धक्का लागला तर आवाज आला, पण तो माझाच का, अशी शंका यावी इतका बारीक. शिरूरकडून कुणी इकडं येणार असलं तर बाटलीभर एरंडेल आणा. डाव्यालाही दोन बोटं लावा. बोलत नसला तरी चामडं त्याचंही आहे.

मी इथं कसा राहिलो तेवढं सांगतो आणि थांबतो. निघायच्या सकाळी तेजश्रीनं आबांना चिकटपट्टीचे पांढरे बूट घेऊन दिले होते. ते घालून आबा दारात आले. आम्हा दोघांना हातानं उचललं आणि दाराबाहेर ठेवलं, अंगठे घराकडं करून.

"आवो, ते पिशवीत घालायचं राहिलं," सोजराबाई म्हणाल्या.

"राहू दे हितंच. आकरावा मजला, पोर एकटी. दारात बाप्याचं पायताण दिसलं म्हंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कळंल, घरात माणूस हाय."

तेजश्रीनं लिफ्टचं बटण दाबून धरलं होतं. ते तिनं सोडलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "घरात माणूस हाय की. मी हाय."